साडी दाराशी नेऊन का पाहावी?

साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर एकामागून एक घड्या उलगडल्या जात असताना बरोबर आलेली आत्या किंवा मावशी हटकून म्हणते, "जरा उजेडात नेऊन बघू." मग साडी हातावर टाकून सगळी मंडळी दुकानाच्या दारापर्यंत जातात, तिथे ती खांद्यावर धरून पाहिली जाते, आणि आत जिच्यावर सगळ्यांचे एकमत झाले होते तीच साडी पुष्कळदा नापसंत होऊन परत येते. विक्रेत्याला हा नसता चोखंदळपणा वाटतो. पण आपल्याला कोणता रंग शोभतो या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या दाराशी जाण्यातच आहे, कारण शोभणे हा नुसत्या कापडाचा गुण नाही आणि नुसत्या कातडीचाही नाही. चेहऱ्याजवळ आलेले कापड, तो चेहरा आणि त्या दोहोंवर पडलेला उजेड या तिघांचा मिळून तो परिणाम असतो. "सावळ्या रंगाला अमुक नको", "ठेंगण्या बांध्याला तमुक नको" अशा तोंडपाठ याद्या फसतात, त्या या तिघांपैकी एकाचाच हिशेब धरतात म्हणून.

उजेडापासून सुरुवात करू, कारण माझी स्वतःची फसगत उजेडानेच केली. पिवळसर दिव्यांच्या एका झगमगीत दुकानात मी एक आमसुली साडी घेतली. तिथे ती पिकलेल्या रातांब्यासारखी, आतून तांबडी दिसत होती. घरी ट्यूबलाइटखाली घडी मोडली तेव्हा ती वाळवलेल्या आमसुलासारखी काळपट जांभळी झाली होती, आणि आरशात माझा चेहरा दोन रात्री जागरण केल्यासारखा दिसत होता. यात दुकानदाराची लबाडी नव्हती. कापडाचा रंग म्हणजे त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला जो भाग ते परत फेकते तो भाग; प्रकाशात जे मुळात नाही ते कापड परत कुठून देणार? पिवळसर दिव्यात तांबड्या किरणांचा वाटा मोठा आणि निळ्यांचा तुटपुंजा असतो, त्यामुळे तांबडा आणि निळा मिसळून झालेल्या आमसुली रंगातला तांबडा तेवढा वर येतो. दिव्याच्या खोक्यावर केल्विन या एककात एक आकडा छापलेला असतो. 2700 च्या आसपासचा दिवा पिवळसर, 6500 च्या आसपासचा पांढरा-निळसर, आणि हा दुसरा आकडा ढगाळ दिवसाच्या उजेडाला जवळचा. शिवाय स्वस्त एलईडी दिव्यांत गडद तांबड्या किरणांची कमतरता असते, आणि माणसाची कातडी नेमकी तांबडे किरण अधिक परतवते. म्हणून अशा दिव्याखाली डाळिंबी साडी मलूल दिसते तशीच ती नेसणारीही मलूल दिसते, आणि दोष मात्र साडीच्या रंगावर जातो.

याच कारणाने मॅचिंग सेंटरमध्ये घेतलेला ब्लाउजपीस दगा देतो. दुकानात साडीचे टोक आणि सुती कापड शेजारी धरले की दोन्ही एकजीव दिसतात, आणि लग्नाच्या सकाळी मांडवात उभे राहिल्यावर ब्लाउज हिरवट आणि साडी निळसर निघते. सुती कापड रंगवायची रसायने वेगळी आणि रेशमाची वेगळी. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी एका उजेडात डोळ्याला सारखाच अनुभव दिला, तरी दुसऱ्या उजेडात ती तसा देतीलच असे नाही. रंगशास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. त्यावर उपाय एकच, आणि तो मावशीला ठाऊक आहे. ज्या वेळेला आणि ज्या उजेडात कपडा वापरायचा, त्याच उजेडात तो पाहावा: सकाळच्या मुहूर्तासाठी दारातल्या उन्हाच्या कडेला, संध्याकाळच्या स्वागतसमारंभासाठी पिवळ्या दिव्याखालीही.

आता चेहऱ्याकडे वळू. कातडीचा वर्ण मुख्यतः मेलॅनिन या द्रव्यावर ठरतो. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारखीच असते; फरक पडतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात यात. एक प्रकार तपकिरी-काळा, दुसरा तांबूस-पिवळा. त्यात कातडीखालच्या रक्ताचा तांबूसपणा मिसळतो. त्यामुळे सारख्याच सावळ्या दोघींपैकी एकीच्या वर्णात तांब्याची झाक असते, तर दुसरीच्या वर्णात किंचित निळसर-करडी. आपल्याकडे गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा असे शब्द आहेत, पण ते सगळे फिकटपणा आणि गडदपणा एवढेच मोजतात. या झाकेसाठी रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. सौंदर्यविषयक सदरांतून मनगटाच्या शिरा पाहण्याची युक्ती सांगितली जाते: शिरा निळ्या दिसल्या तर वर्ण थंड, हिरव्या दिसल्या तर उबदार. तिच्यावर फारसे विसंबू नये असे माझे मत आहे. शिरेचा दिसणारा रंग ती कातडीखाली किती खोल आहे यावरही अवलंबून असतो, आणि सावळ्या मनगटावर तर मुळात शीर सापडतानाच मारामार.

कापडाच्या रंगाबद्दल बोलताना आपण सहसा एकच गोष्ट बोलतो, ती म्हणजे रंगाचे नाव. प्रत्यक्षात तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. पहिली रंगाची जात: हिरवा की निळा की पिवळा. दुसरी उजळपणा: तो पांढऱ्याच्या किती जवळ आहे आणि काळ्याच्या किती. तिसरी तेज: तो निखळ आहे की त्यात करडेपणा मिसळून तो विटका, मळकट झाला आहे. "मला हिरवा शोभत नाही" असे कोणी म्हणते तेव्हा तिला शेवाळी शोभलेला नसतो. राघूच्या पिसांचा हिरवा किंवा गर्द मोरपंखी तिने कधी अंगावर धरून पाहिलेलाच नसतो. पिस्ता, शेवाळी, मेंदी, पोपटी, मोरपंखी या सगळ्या हिरव्याच्याच लेकी, पण एकीचा स्वभाव दुसरीला नाही. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा न शोभणाऱ्या रंगाची जात चुकलेली नसते; चुकलेले असते ते तेज.

याचे कारण समजून घ्यायचे तर एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये जावे लागते. मिशेल यूजीन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून तिथल्या गोब्लँ या प्रसिद्ध गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे तक्रार अशी आली, की काळ्या रंगाची लोकर फिकी दिसते, काळ्याला दम नाही. शेव्रलने रंग तपासला तर त्यात खोट नव्हती. तो काळा धागा ज्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता त्यांच्यामुळे तो फिका भासत होता. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो: गडदाशेजारी फिकट अधिक फिकट, फिकटाशेजारी गडद अधिक गडद, आणि प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. हिरव्याशेजारची वस्तू किंचित तांबूस भासते, पिवळ्याशेजारची किंचित जांभळट. 1839 मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात स्त्रियांचे केस, वर्ण आणि वस्त्रे यांचाही विचार केला. त्याच्यासमोरचे वर्ण अर्थातच मुख्यतः युरोपातले होते, त्यामुळे त्याच्या शिफारशी उचलून कोल्हापूर-सोलापुरात लावण्यात अर्थ नाही. त्याचा नियम मात्र सगळीकडे लागू पडतो.

याचा रोजच्या कपाटाशी संबंध असा. आपल्या वर्णाशी फिकटपणात आणि झाकेत अगदी जवळ असलेला पण थोडा मळकट रंग चेहऱ्याशी आला, की डोळ्याला वाढवायला फरकच सापडत नाही. गव्हाळ कातडीला मातकट बदामी, सावळीला विटका तपकिरी: कापड आणि चेहरा एकमेकांत विरतात आणि लोक विचारतात, "बरं नाही का?" उलट सावळ्या कातडीजवळ तेजस्वी रंग आला की तिच्यातला तांबूसपणा आणि तुकतुकी जागी होते. पंढरपूरच्या सावळ्या विठ्ठलाला पिवळा पीतांबर आणि हिरवी तुळशीची माळ का खुलते, हे शेव्रल वाचल्याशिवायही वारकऱ्याला दिसतेच. हळदी पिवळा, राणी, गर्द मोरपंखी, डाळिंबी, अंजिरी, स्वच्छ पांढरा हे रंग सावळ्या वर्णावर विशेष उठतात. तरीही कित्येक घरांत सावळ्या मुलीला लहानपणापासून "तुला भडक नको, तुला काळं नको" म्हणत अबोली आणि फिक्या गुलाबीच्या चौकटीत ठेवले जाते. त्या सल्ल्यामागचा हेतू तिला गोरी भासवण्याचा असतो. रंगाची निवड तिथेच बिघडते, कारण कापडाने वर्ण बदलत नाही. चेहरा ठळक, टवटवीत दिसणे एवढेच त्याच्या हातात असते. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसलेली सावळी बाई पाहावी. काळ्या केसांचा आणि डोळ्यांचा काळा त्या साडीने पुन्हा उच्चारला जातो आणि हलव्याचे पांढरे दागिने मधे चमकतात. त्यात वाईट दिसण्यासारखे काय आहे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

परंतु शेव्रलचा नियम एकटा काम करत नाही. कापड चेहऱ्यावर स्वतःचा रंग फेकतेही. छायाचित्रकार हनुवटीखाली पांढरा थर्मोकोल धरतात तो यासाठीच. उजेड खालून वर उसळतो आणि डोळ्यांखालच्या सावल्या पातळ होतात. पांढरा किंवा मोतिया ब्लाउज हेच काम फुकट करतो. बंद गळ्याचा पोपटी ब्लाउज हनुवटीखालच्या सावलीत हिरवट रंग ओततो, आणि केशरी काठ तिथेच ऊब आणतो. म्हणजे दोन परिणाम एकाच वेळी विरुद्ध दिशांनी ओढत असतात. शेजारचा हिरवा डोळ्याला चेहरा तांबूस भासवतो, आणि त्याच हिरव्यावरून उसळलेला उजेड तो खरोखरच हिरवट करतो. कोण जिंकेल हे कापड किती चकचकीत आहे, गळा किती वर आहे, उजेड वरून येतो की बाजूने, यावर ठरते. चकचकीत रेशीम जास्त उसळवते, खादी कमी. म्हणूनच कोणताही तक्ता याचे उत्तर आधी देऊ शकत नाही आणि कापड अंगावर धरूनच पाहावे लागते.

ही चाचणी घरी करायची असेल तर दिवसा, खिडकीकडे तोंड करून, शेजारची भिंत रंगीत नसेल अशा जागी बसावे. मोठी टिकली, लिपस्टिक काढून ठेवावी. कपाटातल्या साड्या, ओढण्या, चादरी, जे हाताशी येईल ते एकेक हनुवटीखाली धरावे आणि त्या वेळी कापडाकडे पाहूच नये. पाहायचे ते डोळ्यांखालची वर्तुळे, ओठांच्या कडा आणि जबड्याची रेषा यांच्याकडे. वर्तुळे गडद झाली, ओठांचा रंग उतरला, की तो रंग चेहऱ्यापासून दूर ठेवावा. आधी चेहरा दिसतो आणि मग कपडा, तर रंग जमला. आधी कपडा दिसतो, मग चेहरा शोधावा लागतो, तर नाही जमला. फोनने काढलेल्या छायाचित्रावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण फोन प्रत्येक चित्रात पांढऱ्याचा हिशेब स्वतःच्या मनाने बदलतो आणि दोन साड्यांची तुलना त्यात हमखास चुकते. ऑनलाइन मागवलेल्या साडीचा रंग वेगळा निघतो, त्यातही हा एक वाटा असतोच.

पाश्चात्त्य देशांत 1980 च्या दशकात माणसांची चार ऋतूंत वाटणी करून त्यांना रंग नेमून देण्याची पद्धत फार लोकप्रिय झाली आणि आता ती आपल्याकडेही सशुल्क येऊ लागली आहे. तिच्यातली कापडाचे तुकडे चेहऱ्याजवळ धरण्याची रीत चांगली आहे. वाटणी मात्र सोनेरी, तांबडे, पिंगट केस आणि निळे-हिरवे-घारे डोळे यांच्या वैविध्यातून निघालेली आहे. काळे केस आणि काळे डोळे असणाऱ्यांना तिच्या जुन्या रूपात बहुधा "हिवाळा" याच खणात टाकले जाई, म्हणजे जवळजवळ सगळा महाराष्ट्र एकाच खणात.

साडीत आणखी एक सोय आहे. चेहऱ्याशी येते ते ब्लाउज आणि खांद्यावरचा पदर. उरलेले अंग चेहऱ्यापासून दूर असते. सहावारी साडी सुमारे 5.5 मीटर लांब असते, आणि त्यातला अगदी थोडा भाग चेहऱ्याच्या शेजारी येतो. त्यामुळे आवडता पण न शोभणारा रंग पूर्ण सोडून द्यायची गरज नसते. मळकट राखाडी अंगाच्या इरकल साडीचा तांबडा पदर खांद्यावर आला की बाकीची राखाडी बिनधास्त नेसता येते, आणि वर खणाचे चोळीसारखे ब्लाउज असेल तर चेहऱ्याला हवा तो रंग तिथून मिळतो. पैठणीच्या बाबतीत थोडी जास्त काळजी घ्यावी. तिच्या अंगात पुष्कळदा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे सपाट घडीत जांभळी दिसणारी पैठणी निरीच्या वळणावर तांबडी होते. ती घडीत पाहून घेऊ नये. दोन-चार निऱ्या घालून, हात हलवून पाहावी.

बांध्याविषयीचे सल्ले तर रंगांच्या सल्ल्यांपेक्षाही जास्त ऐकीव. "आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतो" हे वाक्य कोणीही डोळे झाकून म्हणते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1867 मध्ये दाखवले, की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उंच आणि अरुंद भासतो, तर तेवढाच उभ्या रेघांचा चौरस रुंद. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी कपडे घातलेल्या स्त्रियांच्या चित्रांवर हाच प्रयोग करून पाहिला, आणि तिथेही आडव्या रेघांनी बांधा रुंद दिसतो या समजाला आधार मिळाला नाही. काळ्या कपड्यात माणूस बारीक दिसतो हे मात्र बऱ्याच अंशी खरे. एक तर उजळ आकार डोळ्याला किंचित मोठा भासतो आणि गडद आकार लहान. दुसरे म्हणजे पोटावरचे फुगवटे आपल्याला त्यांच्या सावल्यांवरून कळतात, आणि काळ्यावर सावली दिसतच नाही. गर्द निळा, गर्द अंजिरी यांनीही हे साधते.

उंचीच्या बाबतीत खरा प्रश्न रेघांचा नसून तुकड्यांचा आहे. डोळा वरून खाली जाताना जिथे रंग एकदम बदलतो तिथे थांबतो. ठेंगण्या बाईने वीतभर रुंद, विरोधी रंगाच्या काठाची साडी आणि तिसऱ्याच रंगाचे ब्लाउज घेतले, की तिच्या उंचीचे तीन तुकडे होतात. तीच बाई दोन बोटे काठाच्या आणि त्याच रंगाच्या ब्लाउजच्या साडीत सलग दिसते. पदराच्या निऱ्या घालून तो खांद्यावर पिनेने बसवला तर एक उभी अरुंद पट्टी तयार होते. मोकळा सोडला तर दंड झाकतो पण अंगाची रुंदी वाढवतो. उंच, सडपातळ बाईला हेच सगळे उलट लागू पडते, आणि रुंद काठ ही खरे तर तिची मिरास. बाकी कापडाचा स्वभाव: खळीचे सुती आणि ऑर्गंझा अंगापासून फुलून उभे राहतात, जॉर्जेट आणि शिफॉन अंगाला लगटतात, क्रेप सरळ खाली पडते. नवी सुती साडी फुगते म्हणून टाकून देऊ नये. तीन-चार धुण्यांत ती वळणाला येते.

या सगळ्यापेक्षा जास्त फरक शिवण करते, आणि तिच्यावर सर्वांत कमी बोलले जाते. ब्लाउजच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. ती दंडावर उतरली की उत्तम रंगही ढगळ दिसतो. मुंढा घट्ट झाला की काखेजवळ मांसाची घडी पडते आणि बाई आहे त्याहून जाड दिसते. पुरुषांच्या शर्टाला आणि कुर्त्यालाही हेच. कुर्त्याची लांबी मांडीच्या सर्वांत रुंद भागावर संपू नये, एवढे एक पाहिले तरी पुष्कळ.

एक गोष्ट याद्यांत कधीच नसते: शोभणारे रंग वयाबरोबर बदलतात. काळे केस चेहऱ्याभोवती कायमची गडद चौकट धरून असतात. ते पांढरे झाले की चौकटच उलटते, आणि कातडीतला तांबूसपणाही कमी होतो. माझ्या आईला तरुणपणी चिंतामणी रंग खुलत नसे, ती त्याला "आजारी निळा" म्हणायची. आता तिचे केस पूर्ण रुपेरी झाले आहेत. मागच्या दिवाळीला माझी ती फसलेली आमसुली साडी तिने कपाटातून काढली, खिडकीशी नेऊन खांद्यावर धरली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "ही मी ठेवून घेते."